शेवटचं पान

डॉक्टरांनी माझे कागद वाचले नाहीत. त्या कागदांवरच चहाचा कप ठेवला.

उल्हासनगरचा दवाखाना. दोन हजार चार-पाचचा सुमार. आईला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. मी अंबरनाथ पश्चिमेच्या सायबर कॅफेत बसून इंटरनेटवर शोधलं होतं. एका काढ्याने साखर मुळापासून जाते, सुई बंद करता येते, असं इंग्रजीत लिहिलेलं. डिक्शनरी घेऊन शब्द न् शब्द लावला. पाच पानं छापून घेतली. आमच्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी इंग्रजी वाचून काही आणलं होतं, याचा मला ताठा होता. डॉक्टरांना एवढंच विचारायचं होतं, हे खरं का?

त्यांनी केसपेपर पुन्हा पाहिला. "आडनाव काय म्हणालीस?"

सांगितलं.

"तरीच. तुमच्या लोकांना हल्ली फार कळायला लागलंय."

कंपाउंडर हसला. आईने हात जोडले. "पोर आहे साहेब, चुकलं तिचं." माझं काय चुकलं, ते आईलाही माहीत नव्हतं.

घरी येईपर्यंत मी जळत होते. ज्या कागदाने त्यांना एवढं झोंबलं तो खराच असणार, असं धरून चालले. काढा सुरू केला. माझ्याच हाताने आईची सुई बंद केली. सूड म्हटलं तरी चालेल. आईनेही ऐकलं, शिकलेल्या पोरीचं.

काही महिन्यांत आईच्या पायाचा अंगठा काळा पडला. कापला.

मग पुन्हा कॅफेत गेले. सहावं पान उघडलं. तेव्हा ते छापलं नव्हतं, नुसतं नाव-पत्ता आहे म्हणून. लिहिणारा डॉक्टर नव्हता. त्याच काढ्याच्या बाटल्या विकणारा होता. तारीखही नव्हती. तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, हे बुद्धविहारात दर रविवारी ऐकत मोठी झालेली मी. स्वतःचीच लाज वाटली.

ड्रेसिंगला त्याच डॉक्टरांकडे गेलो. "सांगितलं होतं ना तुला?"

आई पुन्हा हात जोडायला लागली. मी तिचे हात धरून खाली केले.

"नाही सांगितलं. तुम्ही आडनाव विचारलंत. कागदात खोटं काय, ते नाही सांगितलंत."

या वेळी कंपाउंडर हसला नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

आता शिरगावात राहते. शेजारीपाजारी आजाराचे कागद घेऊन येतात. मी आधी शेवटचं पान मागते. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, काय विकतोय. तरी कळलं नाही, तर त्यांच्यासोबत दवाखान्यात जाते, कागद डॉक्टरांपुढे ठेवते. खोटं असेल तर का खोटं, ते सांगा म्हणते. सांगेपर्यंत खुर्चीतून उठत नाही. आणि कागदावर कप ठेवू देत नाही.