पेटीचा दम आणि बावीसचा आकडा

त्या पेटीचा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि त्याच्याबरोबर माझी चूकही. पोलीस चूक कबूल करत नाहीत असं लोक म्हणतात. बरोबरच म्हणतात. म्हणून ही लिहून ठेवतो.

मोझरीच्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. जवळच्या गावातली, झेंडू पिकवून विकणारी एक आजी तक्रार घेऊन आली. गावच्या भजन मंडळात पेटी वाजवायची ती. भाता फाटला म्हणून पेटी अचलपूरच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे दिली होती. त्याला सगळे चाचा म्हणत. ती पेटी त्याच्या बापानंच बांधलेली. दुरुस्त होऊन आलेली पेटी आजीनं माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, आमची पेटी हळू बोले. हे तर भांडून राहिली. आतले जुने सूर काढून घेतले त्यानं."

"पेटी तर तेच दिसते, आजी," आमचे हवालदार म्हणाले.

"लाकूड वाजवते का कोनी?"

दुसऱ्या दिवशी खबऱ्यानं सांगितलं, चाचांनी अकोल्याच्या जुन्या शहरात एका दुकानदाराला पितळी सूर, म्हणजे पेटीतल्या आवाज देणाऱ्या पट्ट्या, विकले. माणूस पाठवला. खबर खरी निघाली. सूर कोणत्या पेटीचे, हे खबऱ्याला ठाऊक नव्हतं आणि आम्हाला विचारायची गरज वाटली नाही. आमच्या डोक्यात गोष्ट पुरी झाली होती.

चाचांना बोलावलं. दोन दिवस सकाळी बाकावर बसवायचं, संध्याकाळी सोडायचं. तेवढ्यात बातमी पसरली. गावोगावच्या मंडळांनी त्यांच्याकडे दिलेल्या पेट्या उचलून नेल्या.

"सूर कुठं आहेत?"

"पेटीतच आहेत साहेब. अकोल्यात विकले ते वाळवी लागलेल्या पेटीचे. हिचा दम गेला होता, मी भरून देल्ला. बस इतकंच."

त्यांनी पिशवीतून वही काढली. त्या पेटीच्या नावावर लिहिलं होतं: आली १४. गेली २२.

पेटीतली हवा फुंकरीइतकी हलकी. दाब मोजायच्या साध्या गेजचा काटा तिनं जागचा हलत नाही. म्हणून चाचा ती पाण्यानं मोजत. पाटीवर यू आकारात वाकवलेली पारदर्शक नळी, तिच्यात निळं पाणी. एक तोंड पेटीच्या हवेच्या खान्याला लावायचं आणि भाता भरायचा. पाणी एका बाजूला उतरतं, दुसऱ्या बाजूला चढतं. दोन पातळ्यांत जेवढं अंतर, तेवढा पेटीचा दम.

"म्हणजे आत्ता बावीस भरेल?"

"हाव. बावीस."

मी जबाबात 'बावीस' लिहिलं. नुसता आकडा उघडा वाटला, म्हणून पुढं 'मि.मी.' जोडलं. वाचून दाखवलं. चाचांनी सही केली. पुढं कधीतरी ते म्हणाले, "मले वाटलं, पोलिसाच्या भाषेतलं काही असंल."

चाचांना बाहेर बसवून पंचांसमोर त्यांचीच नळी लावली. हवालदारांनी भाता भरला. निळं पाणी संथपणे चढलं, क्षणभर डोललं, थांबलं. पट्टी लावली. सत्तर मिलिमीटर.

"बावीस कुठं अन् सत्तर कुठं," हवालदार म्हणाले. "म्हातारा खोटं बोलून राहिला."

उद्या अटक दाखवून कोर्टात उभं करायचं ठरलं.

ती दुपार मला स्वप्नासारखी आठवते. नळी तशीच लावलेली. भात्यातून हवा झिरपत होती आणि निळं पाणी झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं खाली येत होतं. खिडकीत कडुलिंब हलत होता. मुद्देमालाच्या खोलीचं दार बसवायला सुतार आला होता. अर्धवट गुंगीत त्याचा आवाज कानावर आला, "दोन सूत जास्त होऊन राहिलं. घास अजून."

सूत. इंचाचा आठवा भाग. लाकडात हात घालणाऱ्या माणसाचं माप. पेटी लाकडाचीच असते.

मी कागद ओढला. बावीस सूत म्हणजे पावणेतीन इंच. इंचाचे मिलिमीटर पंचवीस पूर्णांक चार. गुणाकार आला एकोणसत्तर पूर्णांक पंच्याऐंशी. आमच्या पट्टीवर सत्तर.

मी बाहेर जाऊन बाकावर चाचांशेजारी बसलो. "चाचा, बावीस काय?"

ते म्हणाले, "सूत. अजून काय राहते?"

मी आजीला बोलावणं पाठवलं आणि चाचांना म्हटलं, "पेटी आली तेव्हा चौदा होती ना? परत चौदा करा."

चौदा सूत, पावणेदोन इंच, साडेचव्वेचाळीस मिलिमीटरच्या किंचित आत. चाचांनी भात्याची, हवा दाबून धरणारी स्प्रिंग थोडी थोडी सैल केली. पाणी उतरत खुणेवर आलं. आजी बसली, डोळे मिटले आणि वाजवू लागली. ठाण्यात वायरलेस सोडला तर काही बोलत नव्हतं. आवाज दमेकऱ्यासारखा, लांबून येणारा. दोन ओळी झाल्या आणि तिचा हात थांबला.

"हेच आहे," ती म्हणाली. "हे माही पेटी."

मग तिनं चाचांकडे पाहिलं. "इतकी आजारी होती का हे?"

"लय दिवसाची, बाई. तुमाले सवय झाली होती. आता चौदावरच ठेवू?"

आजीनं पेटीवरून हात फिरवला. "नाई. बावीस कर. तिले बोलू दे मोठ्यानं. अन् चाचा, गावात येऊन जा. मी समद्यायसमोर सांगीन."

ती गावासमोर बोलली. आमच्या खात्यातून मात्र कोणी त्या माणसाची उघड माफी मागितली नाही. मी मागितली, तीही बंद खोलीत. याचा राग मला अजून आहे, आणि तो माझ्यावरच आहे. आमचे फॉर्म रकाने भरायला शिकवतात आणि आम्ही दुसऱ्याच्या आकड्याला आपलं माप चिकटवून त्याला खोटारडा ठरवतो. निवृत्त झाल्यावर मी एक साधं पत्रक छापलं. नवे अंमलदार भेटले की हातात देतो. त्यात एकच गोष्ट आहे. जबाबात आकडा आला की पेन थांबवा आणि समोरच्याला विचारा: बावीस काय?

जप्त केलेली वही परत केली त्या दिवशी चाचांनी माझंच पेन मागितलं. बावीसच्या पुढं सावकाश 'सूत' लिहिलं.

"मले गरज नव्हती साहेब," ते म्हणाले. "तुमच्यासाठी लिहिलं."