सरकत्या तारखेचं तिकीट

विमानात खुर्च्या सगळ्या सारख्याच असतात. निदान मी ज्यात बसलो त्यात तरी होत्या. जास्त पैसे देणाऱ्याचे गुडघेही समोरच्या पाठीलाच टेकतात. हे मी आता छाती काढून सांगतो, पण म्हातारा होईपर्यंत माझी समजूत वेगळीच होती. आमच्या एकोडीवरून साकोलीला काळीपिवळी जीप जायची. तिच्यात ड्रायव्हरजवळची जागा मानाची, मधली बरी, आणि मागे लटकणारा तो लटकणारा. विमानाच्या तिकिटाचे भाव वेगवेगळे असतात असं ऐकल्यावर मला वाटलं, तिथंही तसंच असेल. महागवाला पुढे, स्वस्तवाला मागे. मागे तं मागे, पोहोचतो तं सोबतच.

घरात सगळ्यांचीच ती समजूत होती. त्यापायी आमची दोन तिकिटं वाया गेली. तेव्हा माझी बायको, माझी बुढी, होती.

मुलगी अन् जावई बंगलोरला नोकरीला. त्यांनी तिथं घर घेतलं आणि आम्हा दोघांना बोलावलं. मुलाने मोबाईलवर सगळ्यात स्वस्त तिकिटं काढली. बुढीने आयुष्यात विमान खालूनच पाहिलं होतं, धानाच्या रोवणीत वाकल्या वाकल्या मान वर करून. तिने पिशवी भरायला घेतली. त्यात एक लहानशी गोधडी. स्वतःचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून शिवलेली.

मी म्हणलं, "पोरीले अजून लेकरू नाई, काही नाई. हे कायले?"

"होईन तवा काय तुमी शिवान?"

आमच्या घरात असं आहे की जन्मलेल्या लेकराच्या अंगावर पहिलं कापड आईकडच्या आजीच्या लुगड्याचं पडलं पाहिजे. दुकानातलं नवं कितीही भारी असो, ते नंतर. माझ्या दोन्ही लेकरांवर माझ्या सासूचं लुगडं पडलं होतं.

जायचा दिवस जवळ आला आणि बुढी तापाने पडली. भंडाऱ्याला दवाखान्यात भरती केली. खाटेवरून ती मुलाला म्हणाली, "बाबू, तिकीट पुढच्या तारखेचं करून घे ना." मुलगा बराच वेळ मोबाईलवर बोट फिरवत राहिला. तारीख बदलायचा दंड जवळपास तिकिटाएवढाच, आणि परत करावं तं हाती काही येत नव्हतं.

"सस्तावालं आहे माय. याच्यात होत नाई."

"बरं, राहू दे," ती म्हणाली.

विमान आमच्याशिवाय गेलं. मग तीही गेली.

तिकिटाने माणूस मरत नाही, एवढी अक्कल मला आहे. पण ते "राहू दे" माझ्या कानातून निघत नव्हतं. घरात तिची खाट उभी करून ठेवली होती, तिच्याकडे पाहिलं की तेच ऐकू यायचं. गोधडी मी पेटीत ठेवून दिली.

मग मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं काहीतरी नाजूक होतं, डॉक्टरने प्रवास बंद केला. सासू तिला लग्नाच्या आधीपासूनच नाही. फोनवर ती रडायला लागली तशी मी म्हणलं, "चूप बस. मी येतो."

गावभर झालं. माझी चुलत वहिनी कुंपणावरून म्हणाली, "काय जी भाऊजी, बाळंतपण कराले चालले म्हनते. लेकराचं लंगोट बांधता येते का?"

म्हणलं, "वैनी, आमच्या भाऊले सोताचं धोतर तरी कवा धड बांधता आलं? मी शिकीन."

रेल्वेने जा, असं सगळे म्हणत होते. पण रेल्वेत ऐन वेळी जागा मिळत नाही, आणि मिळाली तरी मी पोहोचेपर्यंत लेकरू रांगत दार उघडायला आलं असतं. मला लेकराच्या आधी पोहोचायचं होतं. गोधडी घेऊन. एवढंच एक काम बुढीने माझ्यावर टाकलं होतं, आणि तेही न सांगता.

साकोलीत बसस्टँडजवळ एक ऑनलाइनवाला आहे. सातबारा, दाखले, धानविक्रीची नोंदणी, सगळं तोच करतो. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. विमान एकच, वेळ एकच, आणि भाव तीन.

"काकाजी, सगळ्यात खालचं घेऊन टाकू. सस्ता आहे."

"खालचं म्हनजे मागची सीट का?"

"नाई जी. सीट कुठंबी भेटते. भावाचा अन् सीटचा काही संबंध नाई."

"मंग भाव तीन काहून?"

"थे तसंच रायते."

"तसंच कायले राहीन? बनियान तीन भावाची रायते तं धुतल्यावर समजते. याचं काय समजते थे सांग."

मागे धानवाल्यांची रांग उभी होती. त्यातला एक म्हणाला, "बुढा काय अख्खं विमान घेऊन राहिला का?" सगळे हसले. मी वळून म्हणलं, "हाव. तुले बसवतो पंखावर."

मी चौथी शिकलेला. इंग्रजी मला येत नाही. पण समोरच्याला येतं ना? मी त्याला एक एक ओळ मराठीत सांगायला लावली. खालच्या भावात फक्त हातातली पिशवी, मोठी बॅग नेली तं वरून पैसे. तारीख बदलली की दंड. रद्द केलं की जवळपास सगळं बुडालं. मधल्या भावात बॅग विमानाच्या पोटात जाते, पण तारखेचा दंड आहेच. वरच्या भावात बॅग जाते, आणि तारीख बदलायला दंड नाही. नव्या दिवसाचा भाव जास्त असला तं वरचा फरक भरायचा, बस.

"हे शेवटचं पुन्हा सांग," मी म्हणलं.

त्याने पुन्हा सांगितलं, आणि मला एकदम मांडव दिसला.

मुलीच्या लग्नाला आम्ही साकोलीत दोन मांडववाले पाहिले होते. एकाचा भाव कमी, एकाचा जास्त. बांबू तेच, कापड तेच, खुर्च्याही बहुतेक एकाच ठिकाणच्या. मी कमीवाल्याला बयाना द्यायला निघालो तं बुढीने त्याला एकच गोष्ट विचारली, "तारीख सरकली तं?" तो म्हणाला, बयाना गेला. ती तिथून उठली आणि जास्तवाल्याकडे जाऊन बसली. त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "माय, तारीख सरकली तं मांडवबी सरकन." बुढीने ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, चार लोकांसमोर. मी वाटभर तिच्यावर चिडत आलो. लग्नाच्या तोंडावर नवऱ्या मुलाकडे मयत झाली आणि लग्न पुढे गेलं. मांडववाल्याने हूं की चूं केलं नाही, नव्या तारखेला येऊन मांडव उभा केला. बुढीने फक्त मांडवाचा बांबू हातानं थोपटला आणि माझ्याकडे पाहिलं.

तर ह्या तीन भावांत खुर्ची विकत नव्हतेच. खुर्ची सगळ्यांना एकच. विकत होते ते तारखेचं सरकणं. ही गोष्ट माझ्या बुढीला विमानात न बसता कळलेली होती.

"वरचं काढ," मी म्हणलं.

ऑनलाइनवाल्याने मुलाला फोन लावला. बुढा फसतो की काय ही भीती. मुलगा फोनवर ओरडला, "बाबा, कायले पैसे फेकता? डॉक्टरनं तारीख देल्ली ना!"

"डॉक्टरनं देल्ली. लेकरानं कुठं देल्ली?"

मग मुलगा हळूच म्हणाला, "काढा."

घरी सुनेने तिकीट माझ्याच मोबाईलमध्ये घालून दिलं. मी म्हणलं, तारीख कुठं सरकते ते दाखव. तिने दाखवलं. मी रोज ते उघडून पाहायचो, दाबायचो मात्र नाही. सून हसायची, "बाबा, घासून घासून तिकीट झिजन."

धान कापणीला आलं होतं. मी शेतात बांधीत उभा, बाया कापत होत्या, आणि मुलीचा फोन आला. आवाज बारीक. "बाबा, डॉक्टर म्हणतात थांबता येत नाही. उद्या संध्याकाळी ऑपरेशन करावं लागेल." माझं तिकीट त्याच्या कितीतरी पुढचं होतं.

मुलाला फोन लावला, लागला नाही. सून तिच्या माहेरी. मी शेताच्या धुऱ्यावर बसलो, चष्मा पुसला. हात चिखलाचे, ते लुंगीला पुसले. तिकीट उघडलं. तारीख बदलायची जागा दाबली. उद्याचा दिवस दाबला. पडद्यावर पुन्हा तेच तीन भाव आले. खालचा डोळा मारत होता. मी म्हणलं, हट. वरचाच धरला. दंडाच्या जागी शून्य. तो शून्य मला इंग्रजीतही वाचता आला! खाली थोडा फरक दाखवला होता, तो भरायचा होता. धानाचे पैसे खात्यात यायला लागल्यापासून पिन टाकणं मला जमत होतं. टाकला. एक गोल फिरत राहिला.

मग हिरवी बरोबरची खूण आली आणि खाली उद्याची तारीख.

"झालं!" मी असा ओरडलो की बाया विळे घेऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं जी काकाजी? नातू का नात?"

"नाई वं! तारीख सरकली!"

त्यांना काही कळलं नाही. एक म्हणाली, "बुढ्याले ऊन लागलं." लागू दे म्हणलं.

नागपूरच्या विमानतळावर मुलगा सोडायला आला होता. माझी बॅग काट्यावर गेली. तिच्यात घरचा तांदूळ, डिंकाचे लाडू, सुनेने माहेराहून धावत येऊन बांधून दिलेली सुंठ. बॅग पोटात गेली, कोणी पैसे मागितले नाहीत. गोधडी मात्र मी पोटात दिली नाही, काखेत धरली. मुलगा तिच्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "बाबा, तवा मले समजलं असतं तं…"

"कोनाले समजलं होतं? चाल, घरी जा. धान पाह्य."

खिडकीजवळ बसलो. विमान वर गेलं तशी खाली तळी चमकली, बांध्या पिवळ्या दिसल्या. कुठंतरी तिथंच बुढी मान वर करून उभी राहायची. मी खाली पाहत राहिलो. डोळे भरले तं भरू दिले, तिथं ओळखीचं कोण होतं?

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा मुलगी आतच जात होती. चाकाच्या खाटेवरून तिने माझा हात असा धरला जसा लहानपणी बैलबाजारात धरायची. जावई बाहेर येरझारा घालत होता. मी गोधडी मांडीवर घेऊन बसून राहिलो.

दार उघडलं. नर्सने लेकराला दवाखान्याच्या हिरव्या कापडात कसंतरी पकडलं होतं. हिंदीत विचारलं, "माँ की तरफ से कौन है? कपड़ा लाये हैं?"

जावई माझ्याकडे पाहायला लागला. मी उठलो. "मैं हूँ," म्हणलं. माझा आवाज त्या सगळ्या वरांड्यात घुमला. गोधडी दोन्ही हातांवर पसरली आणि नर्सने तिच्यावर नात ठेवली. मुठी आवळलेली, कपाळावर आठी. अगदी भाव ठरवायला बसलेल्या बुढीसारखी.

पुढे मुलीला खोलीत आणलं. गोधडीचा काठ तिने ओळखला. बोट फिरवत म्हणाली, "बाबा, तुम्ही इतक्या लवकर आले कसे? तिकीट तर पुढचं होतं."

मी म्हणलं, "तुह्या मायनं आधीच विचारून ठेवलं होतं, तारीख सरकली तं?"