फोनला सापडलेली वाट

चिखलीच्या स्टँडवर एक भाजीवाली रिकामं टोपलं पालथं घालून त्यावर बसायची आणि दर मेसेजआधी पदरानं फोन पुसायची. एकदा तिनं मला स्क्रीन दाखवली. अबोला धरलेल्या लेकीला तिनं मेसेज धाडला होता. लेकीचं नेट बंद, म्हणून फोननं तो आपणहून साध्या एसएमएसनं पाठवला होता.

"भाऊ, तिचं नेट बंद हाय, हे याले कोनं सांगतलं?"

मी टॉवर, सर्व्हर असं काहीबाही बरळलो. मलाच धड कळत नव्हतं.

ती पुन्हा फोन पुसू लागली.

"याले तिच्यापाशी जायाची दुसरी वाट घडीभरात सापडली. दोन वर्सं झाली, मले काऊन नाही सापडून राह्यली?"

मी खिशातून माझा फोन काढला आणि उगाच रुमालानं पुसत बसलो.