दर जूनला वर सरकणारी खुंटी

ज्या शाळेत मुले घाला म्हणून मी दारोदार हिंडलो, तिथे माझी स्वतःची मुलगी मी घातली नाही. वर त्याचे कारणही खोटे सांगितले. आणि सांगितले ते अशा बाईंना, ज्यांच्या नजरेतून समुद्रपूर तालुक्यातले एकही मूल आजवर सुटलेले नाही.

या आमच्या लहानशा, बिनघंटेच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका; मी त्यांच्या हाताखालचा मास्तर. पटसंख्या वाढवण्याची त्यांची रीत अशी, की शाळेची स्तुती चुकूनही करायची नाही. ज्या घरचे मूल येत नाही, त्या घरी ऐन जेवणाच्या वेळी जाऊन बसायचे. बाईंची भूक नांगराच्या बैलाला लाजवील अशी. भाकऱ्यांची चवड संपवून, पदराला हात पुसत त्या विचारीत, "पोरीले धाडता, का उद्याबी जेवाले येऊ?" दुसऱ्या दिवशी पोरगी हजर. अशाने शेती करणाऱ्या कास्तकारांची मुले आली, जंगलालगतच्या वस्तीवरची गोंड मुले आली. त्यांची भाषा बाई त्यांच्याकडूनच शिकल्या, तीही आधी रागावण्यापुरती. ते रागावणे ऐकून मुले हसून लोळत. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारले, "यात कास्तकारांची किती, आदिवासी किती?" बाई म्हणाल्या, "थे कागदावर देतो जी. पन झाडावर चढनाऱ्या साऱ्या पोरी हायेत अन् खाली उभं राहून रडनारे सारे पोट्टे, हेबी लिहून घ्या."

शाळेच्या भिंतीवर गावातल्या प्रत्येक मुलासाठी दप्तराची एक खुंटी असते, न येणाऱ्यासाठीही. माझी मुलगी सिंदी मेघेला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत जाई. "कापसाच्या धुळीने तिला दम लागतो," असे मी सांगून ठेवले होते. तरी दर जूनला बाई हातोडी घेऊन तिची खुंटी जराशी वर ठोकत. "सुट्टीत पाह्यलं तिले. वाढली पोरगी," एवढेच म्हणत. यंदा खुंटी इतकी वर गेली, की शाळेतल्या एकाही मुलाचा हात तिथे पोचत नाही.

याच जूनमध्ये मी बाईंबरोबर एका घरी गेलो होतो. बाई भाकरी मोडत असताना त्या घरच्या मुलीच्या बापाने मला विचारले, "मास्तर, तुमची पोरगी काऊन नाई जी तुमच्या शाळेत?"

मी ताटात पाहू लागलो. बाईच बोलल्या, "तिले धुळीचा तरास हाये, भाऊ."

फार पूर्वीच एका दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी आमच्या घरी कापसाच्या ढिगात लोळताना बाईंनी स्वतः पाहिली होती. माझे खोटे त्या इतकी वर्षे माझ्याहून जपून वागवत होत्या.

"धूळ नाही, भाऊ," मी म्हणालो. "मुलगी धडधाकट आहे. माझाच शाळेवर भरवसा नव्हता."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. असे मी कधी पाहिले नव्हते.

"ती खुंटी आता खाली घ्या, शाळेतल्या मुलांचा हात पोचेल इतकी," मी म्हणालो. "माझे चुकले, बाई. मला क्षमा करा."