गुरुजींच्या पेनाची निब

गेल्या आठवड्यात खालापुरात होतो. निघालो होतो पनवेलला, पण वाटेत एकाचा रेडा बघत उभा राहिलो आणि संध्याकाळ झाली... म्हटलं, जुन्या गुरुजींकडे मुक्काम टाकू. शाळा सुटल्यापासून गेलोच नव्हतो.

सकाळी गुरुजींनी एक पेटी पुढे केली. आत फौंटन पेन. ते शाळेतून निवृत्त झाले तेव्हा गावानं मुंबईहून मागवून दिलेलं. शाई पोटातच, दौत नको. पण निबेचं टोक गोल, बोरूसारखं जाड-बारीक वळण येईना.

कर्जतला स्टेशनासमोर हुसेनचाचा निबा घासून देतात. "तू कुठे ना कुठे जाणारच, तर कर्जतला जा," गुरुजी म्हणाले. दिवाळी झाली की नात यमू बापाकडे पेणला जायची होती. त्याआधी तिला आपल्या हातानं कित्ता लिहून द्यायचा, एवढंच त्यांच्या मनात.

बाजूला पाटी होती, वर वेडेवाकडे अ, आ. मी हसलो. "यमे, तुझं अक्षर माझ्या लहानपणच्या वळणावर गेलं गं." ती काही बोलणार तेवढ्यात गुरुजींनी तिला नजरेनं गप्प केलं.

पेटी त्यांनी डाव्या हातानं दिली, उजवा उपरण्याखाली... मला वाटलं, थंडी. "अरे, हाताचं जरा ऐकून जा," असंही म्हणत होते, पण मला खोपोलीहून कर्जतची गाडी गाठायची होती. मी अंगणापार.

कर्जतला घाटासाठी गाडीला मागून दुसरं इंजिन जोडतात, ते बघण्यात बराच वेळ गेला. मग चाचांकडे. काळा गुळगुळीत दगड, त्यावर तेलाचा थेंब, डोळ्याला भिंग.

"पेनाचा धनी कुटं हाय?"

"खालापुरात. पण त्यांचं अक्षर मला पाठ हाय."

"अक्षराचं काय करू रं? हात दाव. जोडा शिवायला पाय लागतो ना?"

मग मीच गुरुजी होऊन बसलो. तशीच मान, तसंच मनगट. लहानपणी छड्या खाऊन त्यांचा कित्ता गिरवलेला, तो हातात तसाच होता... चाचा माझ्या मनगटाकडे बघत राहिले.

"उजवा हात, तिरका, दाबून लिवणारा. नीट आठव हां. घासलेलं परत चढत नाय."

"असाच," मी म्हटलं.

निब सुरेख झाली. संध्याकाळी खालापुरात गुरुजींनी पेन घेतलं... डाव्या हातात. निब कागदात रुतली. पुन्हा लावली, पुन्हा रुतली.

पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. गावात सगळ्यांना ठाऊक, मलाच नाही. यमू म्हणाली, "ती पाटी आजोबांचीच हाय. रोज गिरवतात."

मला कुठं बघावं कळेना. गुरुजी म्हणाले, "त्याला बोलू नको गं. त्यानं माझाच हात नेला होता... जुना नेला, एवढंच." मग पेन माझ्यापुढे सरकवलं. "आता तूच लिही. ज्ञपर्यंत बसवेल ना रे?"

बसलो. एका जागी इतका कधी बसलो नव्हतो. कित्ता हुबेहूब गुरुजींचा उतरला. ते एकेका अक्षरावरून डाव्या हाताचं बोट फिरवत होते.

यमूनं कित्ता घडी करून ठेवला. पाटी मात्र कुणाला पुसू देईना. पेणला तीच न्यायची म्हणते.

पेन गुरुजींनी मला देऊन टाकलं. हे त्यानंच लिहितोय, आणि अक्षर काय झोकात येतंय... ऐकून जा म्हणाले होते. अंगणातून चार पावलं मागे आलो असतो, तर हे पेन आज त्यांच्या डाव्या हातात असतं.