दसऱ्याचा टिळा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डिंभे धरणाच्या भर पाण्यात माझ्या होडीची मोटर मंदावली. मूठ पूर्ण पिळली तरी वेग घेईना! मी ती बंद केली, पंखा पाहिला, प्लग पुसला, मोटर विकणाऱ्याचा उद्धार केला. माझ्या होडीतून पलीकडं निघालेली म्हातारी मात्र पेट्रोलच्या टाकीकडं बघत होती.

"तेलाच्या डब्याला आमी वाऱ्यासाठी दुसरं भोक पाडतो. याला कुठं हाय?"

भोक झाकणावर होतं. त्यावर काल मीच भक्तिभावानं लावलेला हळदीकुंकवाचा टिळा वाळून दगड झाला होता! नखानं टोकरला. टाकीनं सुस्सकन हवा ओढली. दोरी खेचताच मोटर अशी गरजली, की आम्ही दोघंही मागं कलंडलो!

म्हातारी हसत ओरडली, "पुढल्या दसऱ्याला हिला लांबूनच हात जोड!"