जावईबापू जेवत नाहीत

फवारेकाकांचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कुणी वाचत नाही. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं रे टेकलं की काका त्याच्या डोक्यावर पाण्याचा फवारा मारतात आणि मगच बोलायला तोंड उघडतात. "हं, काय म्हणताय? मान जरा खाली. अजून खाली. अहो, जमिनीत नाही घालायची, एवढीच खाली." गल्लीतल्या पोराटोरांनाही हे तोंडपाठ आहे. म्हणून फवारेकाका.

दुकानाच्या वर दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत सोफा असायला हवा तिथे काचेची टाकी आहे. कपाट असायला हवं तिथे सोफा आहे. आणि कपाट कुठे आहे असं विचारलं तर काकू फक्त एक लांब श्वास सोडतात.

काकू बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करतात. दिवसभर माइकसमोर बसून त्यांच्या गळ्याला तेच वळण पडलं आहे. घरी आल्यावरही त्या साध्या बोलत नाहीत. "कृपया लक्ष द्यावे. चहा गॅसवर उकळून उकळून अर्धा झालेला आहे. संबंधितांनी त्वरित स्वयंपाकघरात यावे." संबंधित म्हणजे काका. आणि संबंधित तेव्हा कोपरापर्यंत टाकीत असतात.

टाकी खाऱ्या पाण्याची. "म्हणजे स्वयंपाकातलंच मीठ घालता ना?" असं एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलं की काकांची कात्री हवेतच थांबते. त्या मिठाची पिशवी वेगळी, ते विरघळवायची बादली वेगळी, आणि त्या बादलीत कुणी पोछा बुडवला तर घरात जे होतं तेही वेगळंच. नवं पाणी काका आदल्या दिवशीच कालवून ठेवतात. त्यात छोटा पंप फिरत राहतो, हीटर लावलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी एक थेंब काचेच्या मापावर टाकून, एक डोळा मिटून, उजेडाकडे बघून ते खारटपणा तपासतात. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की मात्र वरून साधं, गाळलेलं पाणी. कारण उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं. "एवढं साधं कळत नाही लोकांना!" असं ते म्हणतात खरं, पण कळलं नाही तर समजावून सांगायला मिळतं म्हणून मनातून खूशच असतात.

काकांची खरी अडचण त्यांच्या हातांची. दिवसभर ते हात क्रीम, पावडर आणि दाढीनंतरच्या झोंबऱ्या पाण्यात बुडालेले. त्यातलं काही टाकीत उतरलं तर मासे गेलेच. म्हणून वर आल्यावर काका नळाखाली कोपरापर्यंत हात घासत उभे राहतात, शेवटी नुसत्या पाण्यानं धुतात, मग हुंगतात, मग मुलीपुढे धरतात.

"वास येतो का गं?"

"तुमचा येतो बाबा, साबणाचा नाही."

मुलगी कॉलेजात जाते आणि जिभेला धार लावून परत येते.

तर या टाकीत दोन केशरी मासे सुखानं नांदत होते आणि काकांना तिसरा हवा होता. पांढऱ्या अंगावर केशरी उभे पट्टे, शेपटीजवळ एक काळा ठिपका आणि पुढे ही एवढी लांब चोच. माशांच्या दुकानात पाहिल्यापासून काका त्याच्यासाठी वेडे झाले होते. दुकानवाला भला माणूस, पण वाक्य पुरं करायचा त्याला कंटाळा.

"हा मासा म्हणजे बघा... नाजूक. खाल्लं तर..."

"खाल्लं तर काय?"

"तर खाल्लं."

काकांनी त्याला आपल्यासमोर खायला घालायला लावलं. माशानं बर्फातल्या कोळंबीचे तुकडे टुकटुक उचलले, तेव्हाच तो घरी आला. तोही थेट मोठ्या टाकीत नाही. आधी खिडकीजवळ, वेगळ्या छोट्या टाकीत, काही आठवडे. कुठला रोग बरोबर आला असेल तर तो बाकीच्यांना लागू नये म्हणून. तिथेही स्वारी दोन्ही वेळ जेवत होती. पाहुणा असा ऐटीत राहतोय बघून मुलीनं त्याचं नाव ठेवलं, जावईबापू.

आता जावई येणार म्हटल्यावर घर सजवायला नको? खाली आपल्या दुकानात काकांनी नुकताच नवा आरसा बसवला होता. जुना भिंतीएवढा आरसा होता, त्याच्यासमोर काकांची निम्मी हयात गेलेली. तो टाकून द्यायला जीव होईना. काकांनी तो मापानं कापून आणला आणि मोठ्या टाकीच्या मागे, काचेला अगदी चिकटवून उभा केला.

"बघ, टाकी दुप्पट दिसते!" काका म्हणाले.

"पसारा दुप्पट दिसतो," काकू म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून कामावर निघताना केस नीट करायला त्याही टाकीसमोरच उभ्या राहू लागल्या.

जावईबापू मोठ्या टाकीत आले आणि त्यांनी अन्नाला तोंड लावणं सोडलं.

पहिल्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. नवी जागा आहे, बुजला असेल. मग काकांनी पाणी तपासलं. खारटपणा बरोबर. ऊब बरोबर. बाकीची सगळी तपासणी बरोबर. केशरी जोडी तर त्याच्याही वाटचं खाऊन टम्म. कोळंबी बारीक चिरून झाली, लसणाच्या रसात बुडवून झाली, लांब चिमट्यानं थेट चोचीपुढे धरून झाली. "घे रे राजा. एक घास. मान जरा खाली..." मासा मागच्या काचेपाशी, पाठीवरचे काटे ताठ उभे करून, जागचा हलेना.

"रुसलाय," मुलगी म्हणाली. "हुंड्यात काही राहिलं असेल."

पण मग तिचीही थट्टा आटली, कारण माशाचं पोट दिसायला लागलं. म्हणजे दिसेनासं झालं. काकांनी दुकानवाल्याला फोन केला.

"पाठ कशी आहे? धारदार झाली की मग..." दुकानवाला म्हणाला.

मग काय, ते या वेळी काकांनी विचारलं नाही.

दुकानात त्यांचं लक्ष उडालं. एकाच्या डोक्यावर त्यांनी दोनदा फवारा मारला. एका मिशीवाल्याची मिशी अगदी थोडक्यात वाचली.

सकाळी काकू नेहमीप्रमाणे टाकीसमोर उभ्या राहून चिमटे लावत होत्या आणि काका त्यांच्या मागे, चहाचा कप घेऊन, माशाकडे बघत. काकूंनी आरशात बघत मान वळवली. माशानंही मान वळवली असं वाटलं. काकांनी कप खाली ठेवला.

ती नजर त्यांनी हजारदा पाहिली होती. शेजारशेजारच्या खुर्च्यांवर एकमेकांशी न बोलणारे दोघं येऊन बसले की असंच होतं. दोघंही समोर आरशात बघतात, पण स्वतःचा चेहरा कुणीच बघत नाही. मान ताठ, खांदे वर, डोळे शेजाऱ्यावर. तू हललास तर मी हलेन. असल्या गिऱ्हाइकाला "कल्ले ठेवू का?" विचारलं तरी ऐकू जात नाही.

"अगं, सरक," काका म्हणाले.

"सात पंचवीसची गाडी आहे, मला आधी..."

"सरक गं! त्याला आत दुसरा दिसतोय! त्याच्यासारखाच! हा सगळा दिवस त्याच्याशी भांडतोय, जेवायला वेळ कुठाय त्याला!"

काकू वाकल्या. मासा काटे फुगवून पुढे गेला. आरशातला मासाही काटे फुगवून पुढे आला. दोघांची चोच चोचीला.

"अय्या," काकू चक्क साध्या आवाजात म्हणाल्या.

मुलगी धावत आली. "म्हणजे घरात जावई आणला आणि त्याच खोलीत दुसरा जावई ठेवलात! बाबा!"

"मला काय माहीत! सगळ्या जगाला आरसा आवडतो!"

"जग तुमच्या खुर्चीत बसतं, बाबा. हा पोहतो."

आरसा ओढून काढताना काकांचा चेहरा पडला, पण हात थांबले नाहीत. त्याच्या जागी मुलीनं वहीला घालायचा निळा कागद चिकटवला, जरा वाकडाच. दुपारपर्यंत काटे खाली बसले. संध्याकाळी स्वारी दगडांमधून फिरताना दिसली. पण कोळंबीकडे अजून ढुंकून बघेना. इतके दिवस उपाशी राहून त्याची खायचीच सवय मोडली होती. दुकानवाल्याला पुन्हा फोन.

"शिंपला," तो म्हणाला. "ताजा. उघडून अर्धा... दगडाच्या फटीत. चोच घालायला आवडतं. आणि उरलं तर लगेच काढा, नाहीतर पाणी..." आणि मग, स्वतःच दचकल्यासारखं, त्यानं वाक्य पुरं केलं. "खराब होईल."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच काका शिंपले घेऊन आले. दुकानाचं शटर तसंच बंद. हात घासले, धुतले, हुंगले. शिंपला उघडून नुसत्या पाण्यात खळबळवला आणि अर्धी शिंपली आतल्या मऊ मांसासकट दगडाच्या फटीत खोचली. केशरी जोडी आली. मुलीनं काचेच्या दुसऱ्या टोकाला बोटं नाचवून त्यांना तिकडे भुलवलं.

जावईबापू आले. एका डोळ्यानं पाहिलं. वळून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. गेले. परत आले. चोच शिंपलीच्या काठावर टेकली, टुक, आणि मागे.

"बोलू नका कुणी," काका पुटपुटले.

"तुम्हीच बोलताय," काकू कुजबुजल्या.

मग चोच आत गेली. मऊ मांसाची एक बारीक पांढरी दोरी बाहेर आली, ताणली, तुटली आणि नाहीशी झाली. पुन्हा चोच आत. पुन्हा. आता तर शेपटी हलवून, अंग तिरकं करून, दोरीसाठी ओढाताण करत, भांडं खरवडल्यासारखा तो शिंपली साफ करत होता.

"खातोय!" मुलगी ओरडली आणि बापाच्या ओल्या बाहीला लटकली. काकूंनी काकांचा दुसरा हात धरला होता, तोही ओला, आणि कामावर जायच्या साडीवर पाणी टपकत होतं, त्याचं त्यांना काही नव्हतं.

खालून शटरवर थापा पडल्या. "फवारेकाका! अहो, उघडताय ना? मला लग्नाला जायचंय!"

काका खिडकीत गेले आणि अर्धं अंग बाहेर काढून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "थांबा जरा! आमच्याकडे जेवण चाललंय!"

आणि दुसरा शिंपला उघडायला आत पळाले.